जेऊर, कल्याण आणि खोडद : महाराष्ट्रांतील रेडिओ-ज्योतिषाचा पूर्ववृत्तांत

(१)

इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत ताम्रपट, बखरी, सनदा व शकावल्या यांचा विचार व्हावा, हें योग्यच आहे. परंतु ज्या घटना आपल्या हयातींत घडल्या त्यांचीं टिपणें वेळींच झालीं नाहींत, तर पुढच्या पिढीच्या संशोधकास तीं शोधण्याकरितां आपणांसारखेंच दप्तरांच्या रुमालांत डोकें घालून बसावें लागेल. महाराष्ट्रांत रेडिओ-दुर्बिणींचें शास्त्र कसें आलें, तें येथें कां रुजलें, आणि जुन्नर तालुक्यांतील खोडद गांवाभोंवतीं उभ्या असलेल्या तीस तबकड्या नेमकें काय करितात, ह्याचा संगतवार वृत्तांत देण्याचा प्रस्तुत लेखांत प्रयत्न केला आहे. त्या वृत्तांतांतून आजच्या व्यवहाराचा एक प्रश्न निघतो. त्याचा विचार शेवटीं येईल.

जुळे सोलापुरांत राहणाऱ्या मनुष्याचा ह्या विषयाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. पहिला भूगोलाचा. नाणेघाटाजवळ उगम पावणारी कुकडी घोड नदीस मिळते, घोड भीमेस मिळते, आणि तेंच पाणी उजनीच्या जलाशयांतून आम्हां सोलापूरकरांच्या घरीं येतें. दुसरा संबंध इतिहासाचा असून तोच येथें महत्त्वाचा आहे. आधुनिक ज्योतिषाच्या साधनांचा एक तळ आमच्याच जिल्ह्यांत सव्वाशें वर्षांपूर्वीं पडला होता. तेथूनच आरंभ करणें सोयीचें होईल.

(२)

ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या छायेचा पट्टा कोंकण किनाऱ्यावरून देशावर आला. करमाळें तालुक्यांतील जेऊर हें गांव त्या पट्ट्यांत होतें. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं तेथें तळ दिला व आपल्या वेधांचा अहवाल पुढें छापून प्रसिद्ध केला. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेहि आपलीं उपकरणें घेऊन जेऊरासच आले होते. ह्याच ग्रहणाकरितां सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास उतरले.

जातां जातां एका प्रचलित समजुतीचें निरसन केलें पाहिजे. लॉकियर यांनीं ता. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं विजयदुर्गच्या किल्ल्यावरून हेलियम वायूचा शोध लाविला, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. तें खरें नव्हे. त्या ग्रहणाच्या वेळीं लॉकियर इंग्लंडांत होते. त्यांचा सूर्यवर्णपटाचा प्रसिद्ध वेध त्याच वर्षींच्या ऑक्टोबर महिन्यांतील व तिकडचाच आहे. १८६८ चें ग्रहण आमच्या ह्या भागांत पाहिलें तें जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनीं, व गुंटूर येथें फ्रेंच ज्योतिषी जान्सेन यांनीं. विजयदुर्गशीं लॉकियर यांचा संबंध तीस वर्षांनंतरचा, म्हणजे १८९८ चा आहे. त्या स्थळाचें महत्त्व ह्यामुळें उणें होत नाहीं. फक्त सन बरोबर मांडला जातो.

हे विद्वान इतक्या दुरून काय पाहण्यास आले होते? सूर्यबिंब चंद्रानें पूर्ण झांकलें म्हणजे त्याच्या भोंवतीं मोत्यासारखें फिकट प्रभामंडल दिसूं लागतें. तें एरवींहि तेथें असतेंच, परंतु बिंबाच्या तेजापुढें लोपलेलें असतें. जेऊरास तें पाहण्याचा अवधि अवघा दोन मिनिटांच्या सुमाराचा होता. कॅलिफोर्नियाहून समुद्रपर्यटन करून यावयाचें, माळावर तंबू ठोकावयाचे, आणि दोन मिनिटांत काचेच्या तावदानांवर जें उमटेल तेवढें घेऊन परत जावयाचें, अशी त्या काळच्या सूर्यसंशोधनाची स्थिति होती. ही स्थिति पालटली ती ग्रहणाची वाट न पाहतां प्रभामंडलाकडून येणारे निराळे किरण टिपतां येऊं लागले तेव्हां. महाराष्ट्रांत हें प्रथम घडलें तें कल्याण येथें, १९६५ सालीं. जेऊर ते कल्याण हें अंतर सदुसष्ट वर्षांचें आहे. मधल्या काळांत काय झालें तें आतां पाहूं.

(३)

आपल्या डोळ्यांस दिसणारा प्रकाश हा विद्युच्चुंबकीय तरंगांच्या मोठ्या कुटुंबांतील एक लहानसा भाग होय. त्याची तरंगलांबी मिलिमीटरच्या सुमारें दोन हजाराव्या भागाइतकी असते. रेडिओचे तरंग त्याच जातीचे, त्याच वेगानें जाणारे, परंतु सेंटिमीटरांपासून कित्येक मीटरांपर्यंत लांब असतात. आकाशांतून येणाऱ्या बहुतेक तरंगांस पृथ्वीचें वातावरण अडवितें. दोनच मोठीं गवाक्षें उघडीं आहेत : एक दृश्य प्रकाशाचें, दुसरें रेडिओचें. मनुष्यानें हजारों वर्षें पहिल्याच गवाक्षांतून आकाश पाहिलें. दुसरें उघडें आहे हें कळण्यास १९३० नंतरचें दशक उजाडावें लागलें.

अमेरिकेंतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत कार्ल जान्स्की नांवाचा तरुण अभियंता समुद्रापलीकडील दूरध्वनींत होणाऱ्या खरखरीचें कारण शोधीत होता. जवळच्या व लांबच्या विजांची खरखर त्यानें ओळखली. पण एक मंद फुसफूस उरली. ती दिवसाच्या ठराविक वेळीं वाढे, म्हणून सूर्याचा संशय आला. परंतु महिने लोटले तशी ती वेळ अलीकडे सरकूं लागली, व दोन परमोच्चांमधील काळ चोवीस तासांचा नसून तेवीस तास छप्पन्न मिनिटांचा आहे असें ठरलें.

पंचांग जाणणाऱ्या वाचकांस येथें जास्त सांगणें नलगे. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा तो सावन दिन. एका नक्षत्राच्या उदयापासून त्याच नक्षत्राच्या उदयापर्यंतचा तो नाक्षत्र दिन, आणि तो सुमारें चार मिनिटांनीं लहान. आमच्या सिद्धांतग्रंथांनीं हा भेद काटेकोर मांडला आहे. खरखर नाक्षत्र दिनास बांधलेली निघाली, त्या अर्थीं तिचें मूळ पृथ्वीवर नाहीं, सूर्यावर नाहीं, तर तारकांमध्यें आहे, हें सिद्ध झालें. ती दिशा धनु राशींतील आकाशगंगेच्या मध्याची होती. १९३३ सालीं जान्स्कीनें हें प्रसिद्ध केलें. पुढें १९३७ मध्यें ग्रोट रेबर ह्या दुसऱ्या अमेरिकन अभियंत्यानें स्वखर्चानें आपल्या घराच्या परसांत साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारून आकाशाचा रेडिओ-नकाशा काढला. १९४२ मध्यें ब्रिटिश सैन्याच्या रडारयंत्रांत आलेला अडथळा शत्रूचा नसून सूर्याचा आहे, असें हे नांवाच्या शास्त्रज्ञानें दाखविलें. युद्ध संपल्यावर रडारवर काम केलेले अनेक शास्त्रज्ञ ह्या नव्या शास्त्राकडे वळले.

ह्या किरणांचा उपयोग काय? पहिला असा कीं, दृश्य प्रकाशास अडविणाऱ्या आंतरतारकीय धुळीतून रेडिओचे लांब तरंग सहज पार होतात. त्यामुळें आकाशगंगेचा गाभा, जो डोळ्यांच्या दुर्बिणीस कायमचा झांकलेला, तो उघडा पडतो. दुसरा असा कीं, विश्वांत सर्वांत विपुल असलेला हायड्रोजन वायु थंड स्थितींत प्रकाश देत नाहीं, पण २१ सेंटिमीटर लांबीचा रेडिओ-तरंग देतो. व्हान डे हुल्स्ट यांनीं हें १९४४ मध्यें गणितानें सांगितलें व १९५१ मध्यें तें प्रत्यक्ष आढळलें. तिसरा असा कीं, प्रचंड वेगानें चुंबकीय क्षेत्रांत फिरणारे इलेक्ट्रॉन रेडिओ-तरंग फेंकतात. म्हणून जेथें स्फोट व उत्पात झाले तीं स्थळें ह्या दुर्बिणींस ठळक दिसतात. चौथा व्यवहाराचा : रेडिओ-दुर्बीण दिवसांहि काम करिते, आणि लांब तरंगांस ढगांचा अडथळा जवळजवळ होत नाहीं.

(४)

आतां रचनेकडे वळूं. तबकडीचा आकार अन्वस्त, म्हणजे पॅराबोला फिरवून होणाऱ्या पृष्ठाचा असतो. समांतर येणारे तरंग तिच्यावरून परावृत्त होऊन नाभीच्या ठिकाणीं एकवटतात. तेथें ठेवलेला ग्राहक त्यांपासून अतिक्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न करितो, आणि प्रवर्धक त्यास वाढवितो. पृष्ठ गुळगुळीत हवें, पण किती, हें तरंगलांबीवर ठरतें. तरंगाच्या मानानें भोक लहान असेल तर तरंगास तें भोक नसल्यासारखेंच असतें. म्हणून मीटरभर लांबीच्या तरंगांस तारांची जाळी हाच उत्तम आरसा होय.

अडचण निराळीच आहे. कोणत्याहि दुर्बिणीचें सूक्ष्मदर्शन तरंगलांबीस तिच्या व्यासानें भागून मिळतें. तरंग जितका लांब तितका व्यास मोठा पाहिजे. साध्या डोळ्यास सुमारें एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, भेद कळतो. तेवढाच भेद २१ सेंटिमीटरांच्या तरंगांनीं कळावा म्हटलें तर तबकडीचा व्यास सातशें मीटरांहून अधिक हवा. एवढी तबकडी उभारून फिरविणें अशक्यप्राय.

त्यावर तोड अशी निघाली. लहान लहान तबकड्या दूर दूर ठेवाव्या, आणि प्रत्येक दोघींनीं एकाच क्षणीं टिपलेल्या तरंगांची तुलना करावी. स्रोत डोक्यावरून किंचित् कलता असेल तर एकीस तरंग अगोदर पोंचतो, दुसरीस मागाहून. हा अत्यल्प कालभेद मोजला म्हणजे दिशा कळते; तबकड्यांमधील अंतर जितकें जास्त तितकी दिशा सूक्ष्म. एका जोडीनें चित्र पुरें होत नाहीं. तिच्यापासून चित्राचा एकच धागा हातीं येतो. निरनिराळ्या अंतराच्या व दिशांच्या पुष्कळ जोड्या घेतल्या, व पृथ्वीच्या भ्रमणानें त्या जोड्यांच्या दिशा तासातासाला पालटत गेल्या, म्हणजे गणितानें सबंध चित्र विणतां येतें. ह्या पद्धतीच्या विकासाकरितां मार्टिन राइल यांस १९७४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

ज्यांनीं हस्तलिखितांची पाठचिकित्सा केली आहे त्यांस ही रीत अपरिचित वाटूं नये. मूळ ग्रंथ आपल्यापुढें नसतो. असतात त्या दूरदूरच्या प्रांतांत उतरलेल्या पोथ्या. एकेक पोथी अपुरी, लेखनदोषांनीं भरलेली. परंतु दोन पोथ्यांचा मेळ व विरोध मांडीत गेलें, व अशा जोड्या वाढल्या, म्हणजे लेखकाचे प्रमाद गळून पडतात आणि मूळ पाठाचें रूप उमटूं लागतें. एकाच घराण्यांतील, एकाच गांवच्या दहा पोथ्यांपेक्षां काश्मीर व केरळ अशा दूरच्या दोन पोथ्यांची साक्ष कित्येकदां अधिक मोलाची ठरते. तबकड्यांचेंहि तसेंच : प्रत्येकीची स्वतःची खरखर निराळी असल्यामुळें तुलनेंत ती कटते, व दोघींस समान जें आकाशांतून आलें तें उरतें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति ज्या तत्त्वावर सिद्ध केली, त्याच जातीची ही विवेकबुद्धि आहे.

(५)

ह्या विद्येची भारतांतील स्थापना गोविंद स्वरूप यांनीं केली. त्यांचा जन्म १९२९ सालीं उत्तर प्रदेशांतील ठाकुरद्वारा येथें झाला, व शिक्षण अलाहाबाद विश्वविद्यालयांत. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत के. एस. कृष्णन यांच्या हाताखालीं काम करीत असतां १९५३ मध्यें ते ऑस्ट्रेलियास गेले. सिडनीजवळ पॉट्स हिल येथील जलाशयाच्या कांठीं क्रिस्टियानसेन यांनीं सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्यांची रांग सूर्याच्या वेधाकरितां उभारिली होती. नवी साधनें योजिलीं गेल्यावर ती रांग मोडीत निघणार होती. त्या तबकड्या भारतास द्याव्या, अशी विनंती स्वरूप यांनीं केली व ती मान्य झाली. परंतु त्या प्रत्यक्ष येऊन कामास लागण्यास वर्षांमागून वर्षें गेलीं. मध्यंतरीं स्वरूप अमेरिकेस गेले व स्टॅनफोर्ड विद्यापीठांत १९६१ मध्यें त्यांनीं आचार्यपदवी मिळविली.

त्याच वर्षीं स्वरूप, मेनन, कुंडू व टी. कृष्णन ह्या परदेशीं असलेल्या चौघा भारतीयांनीं मायदेशीं परतून रेडिओ-ज्योतिषाचा एक गट स्थापण्याची तयारी पत्रानें कळविली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा यांनीं जानेवारी १९६२ मध्यें तारेनें संमति दिली. स्वरूप १९६३ मध्यें संस्थेंत रुजू झाले, दिल्लींत असलेल्या त्या बत्तीस तबकड्या मुंबईकडे आल्या, आणि १९६५ मध्यें कल्याणजवळ त्यांची नवी मांडणी सिद्ध झाली. चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरांच्या रांगेंत, आठ दक्षिणोत्तर २५६ मीटरांच्या रांगेंत. कंपनसंख्या ६१० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारें अर्धा मीटर.

वर दिलेल्या नियमानें हिशेब केला असतां ६३० मीटरांच्या रांगेस तीन कलांहून कांहींशी सूक्ष्म दृष्टि येते. सूर्यबिंब बत्तीस कलांचें. म्हणजे बिंबाचे व त्याच्या भोंवतालच्या प्रभामंडलाचे भाग निरनिराळे ओळखतां येतात. जें प्रभामंडल जेऊरास दोन मिनिटें दिसलें, त्याचाच अभ्यास कल्याणास ग्रहणाविना, स्वच्छ दिवसाढवळ्या, रोजच्या रोज होऊं लागला. ती रांग १९६८ पर्यंत चालली.

रेडिओ-दुर्बिणीचें नांव निघालें कीं लोकांस ऊटी व खोडद आठवतात, कल्याण क्वचितच. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र कल्याणची योग्यता मोठी आहे. तीं साधनें परक्यांनीं उतरविलेलीं, दान मिळालेलीं, सहाच फुटांचीं होतीं. पण त्यांवर जे तरुण हात बसले त्यांतूनच पुढच्या सर्व रचना झाल्या. किल्ला कोणी व केव्हां बांधला हें आपण शिलालेखांतून शोधितों. गवंडी कोठें शिकले हा प्रश्न बहुधा राहून जातो. कल्याण ही गवंड्यांची शाळा होती.

(६)

ह्या शाळेंतून निघालेली पहिली स्वतंत्र कृति म्हणजे तामिळनाडूंतील ऊटीची दुर्बीण, सन १९७०. ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी ही पन्हळीच्या आकाराची रचना आहे. ऊटीचा अक्षांश सुमारें अकरा अंश. तितक्याच उताराची, दक्षिणोत्तर पसरलेली टेकडी शोधून तीवर पन्हळ बसविली, त्यामुळें तिचा आंस पृथ्वीच्या आंसाशीं समांतर झाला व एकाच दिशेनें फिरवून कोणत्याहि स्रोताचा तासन्तास पाठलाग करतां येऊं लागला. आमच्या धूपघटिकेचा शंकु ज्या युक्तीनें अक्षांशाइतका कलता बसवितात, तीच ही युक्ति. चंद्र रेडिओ-स्रोतास झांकतो त्या क्षणाच्या वेधावरून त्या स्रोतांचे आकार तेथें विकलांपर्यंत मोजले गेले.

त्यांवरून स्वरूप व कपाही यांनीं १९७५ मध्यें असें दाखविलें कीं, क्षीण, म्हणजे सामान्यतः दूरच्या, स्रोतांचें रूप विश्व कालानुसार बदलत आलें आहे ह्या मतास अनुकूल आहे. हें अनुमान स्थिर-स्थिति सिद्धांताच्या विरुद्ध जात होतें, आणि त्या सिद्धांताचे प्रमुख पुरस्कर्ते, कोल्हापुरांत जन्मलेले जयंत नारळीकर, तेव्हां त्याच टाटा संस्थेंत प्राध्यापक होते. एकाच छपराखालीं दोन मतें नांदलीं व वाद वेधांनीं आणि गणितानें झाला. आपल्या इतिहासक्षेत्रांतील कांहीं वादांची भाषा आठवली म्हणजे हें उदाहरण नोंदून ठेवावेंसें वाटतें.

(७)

ऊटीनंतर खोडद. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ऐंशीं किलोमीटरांवर, नारायणगांवाजवळ, ही महादुर्बीण आहे. तिची आखणी १९८० नंतरच्या दशकांत व उभारणी १९९० नंतरच्या दशकांत झाली, ता. ४ ऑक्टोबर २००१ रोजीं रतन टाटा यांच्या हस्तें ती समारंभपूर्वक जगांतील शास्त्रज्ञांस अर्पण करण्यांत आली. टाटा संस्थेचें पुण्यांतील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र तिची व्यवस्था पाहतें.

तबकड्या तीस असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. चौदा तबकड्या सुमारें एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या मध्यभागांत विखुरलेल्या, व सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, एकूण पंचवीस किलोमीटरांच्या पसाऱ्यांत. तीसांच्या जोड्या ४३५ होतात. म्हणजे ४३५ पोथीजोड्यांची तुलना अखंड चालते. सर्वांचें क्षेत्रफळ मिळून सुमारें ४७,७०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बारा एकर, भरतें. २१ सेंटिमीटरांच्या तरंगांवर तिची दृष्टि सुमारें दोन विकलांपर्यंत पोंचते.

४५ मीटरांची तबकडी पोलादी पत्र्यानें मढविली असती तर वजन, वाऱ्याचा दाब व खर्च हीं तिन्ही आवाक्याबाहेर गेलीं असतीं. स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जी युक्ति काढिली ती अशी : नळ्यांच्या सांगाड्यावर पोलादी दोर ताणावे, आणि त्या दोरांस सुमारें अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या निष्कलंक पोलादी तारेची जाळी बांधून तिला अन्वस्त आकार द्यावा. जाळीचीं घरें मध्यभागीं दहा मिलिमीटरांचीं, कडेकडे वीसांचीं. वारा आरपार जातो, तरंग मात्र परततो. नाभीपाशीं चार बाजूंचा फिरता ठोकळा असून त्यावर निरनिराळ्या तरंगलांबींचे ग्राहक बसविले आहेत. हवा तो तबकडीकडे वळवितां येतो. तेथून संकेत प्रकाशतंतूंच्या तारेनें मध्यवर्ती इमारतींत येतात व तेथील संगणक त्यांची जोडीजोडीनें तुलना करितो. अलीकडे ग्राहक व संगणक नवे बसवून तिची शक्ति पुष्कळ वाढविली आहे.

स्थळाची निवडहि विचारपूर्वक झाली. डोंगरांमुळें शहरांच्या रेडिओ-कोलाहलास आडोसा मिळतो. भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसें अंतर असल्यामुळें वरच्या वातावरणाची अस्थिरता कमी भोंवते. अक्षांश एकोणीस असल्यानें दक्षिणेचें आकाशहि पुष्कळ दिसतें. आणि पुणें जवळ. सातवाहनांनीं नाणेघाट व जुन्नर निवडलें तें व्यापाराच्या वाटेकरितां. विसाव्या शतकानें तोच मुलूख त्याच्या शांततेकरितां निवडला.

(८)

इतिहासाच्या अभ्यासकास ह्या दुर्बिणीपासून काय मिळतें? प्रकाशास यावयास वेळ लागतो, म्हणून दूरचें पाहणें म्हणजे जुनें वाचणें. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत खोडदच्या दुर्बिणीनें सुमारें आठशें कोटी वर्षांपूर्वींच्या हजारों दीर्घिकांचे संकेत एकत्र करून त्यांतील हायड्रोजन मोजला. विश्वाच्या प्रसरणामुळें २१ सेंटिमीटरांचा तरंग वाटेंत ताणून सुमारें दुप्पट झाला होता. त्या दीर्घिका ज्या वेगानें तारे घडवीत होत्या त्या वेगानें तो सांठा शें-दोनशें कोटी वर्षांतच संपला असता, व पुढें तारे घडण्याची गति कां मंदावली ह्याचें कारण त्यांतून उलगडलें. शिल्लक बाकीवरून जमाखर्च पाहण्याचाच हा प्रकार आहे.

दुसरें उदाहरण आपल्या काळाच्या जवळचें. शर्मिष्ठा ह्या तारकासमूहांत एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आहेत. सूर्यमालेबाहेरचा हा अतिप्रखर रेडिओ-स्रोत राइल व स्मिथ यांनीं १९४८ मध्यें शोधला. अवशेषांच्या पसरण्याच्या वेगावरून हिशेब केला असतां त्या स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर इ. स. १६७० ते १६८० च्या आसपास पोंचला असावा, म्हणजे ऐन शिवकालांत, राज्याभिषेकाच्या मागेंपुढें. तरी जगांतील कोणत्याहि देशांतून त्याची निर्विवाद नोंद पुढें आलेली नाहीं. मधल्या धुळीनें तो मंद दिसला असावा. ‘कागद नाहीं म्हणून घटना नाहीं’ असें अनुमान करणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. घटना झाली होती. साक्ष निराळ्या लिपींत होती, व ती लिपि वाचण्यास पावणेतीनशें वर्षें लागलीं.

ह्याच्या उलट दोषहि टाळला पाहिजे. न्यायवैशेषिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानिला, ह्या आधारावर प्राचीनांस रेडिओ-ज्योतिष अवगत होतें असें प्रतिपादन अधूनमधून ऐकूं येतें. ज्यानें तें दर्शन गुरुमुखानें वाचलें आहे त्यास हें मान्य करतां येणार नाहीं. तेथील शब्द म्हणजे कानांस ऐकूं येणारा ध्वनि होय. रेडिओचे तरंग ध्वनि नव्हेत, ते प्रकाशाचे सगोत्र आहेत, व त्यांस वाहण्यास कोणत्याहि द्रव्याची गरज लागत नाहीं. पूर्वजांनीं नाक्षत्र व सावन दिनांचा भेद बारकाईनें मोजला, हें खरें भूषण. जें त्यांनीं केलें नाहीं तें त्यांच्या अंगावर घातल्यानें, त्यांनीं जें केलें त्याविषयींहि जग शंका घेऊं लागतें.

(९)

आतां आरंभीं सूचित केलेला प्रश्न. खोडदच्या तबकड्या जें टिपतात तें अति क्षीण असतें. आपला साधा मोबाईल चंद्रावर नेऊन ठेविला तर तो आकाशांतील ठळक रेडिओ-स्रोतांत गणला जाईल, एवढ्यावरून कल्पना यावी. अर्थात् आसपासचे मनोरे, विजेच्या वाहिन्यांवरील ठिणग्या, कारखान्यांचीं यंत्रें हीं सर्व त्या दुर्बिणीचीं शत्रु होत. पुणें-नाशिक ह्या नियोजित द्रुतगति रेल्वेचा मार्ग नारायणगांवाजवळून आखला गेला, तेव्हां ह्याच कारणास्तव आक्षेप निघाला व मार्ग बदलण्याचा विचार करावा लागला.

येथें दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें आहे. जुन्नर-आंबेगांवच्या शेतकऱ्यास रेल्वे हवी, त्याच्या मुलास जवळ कारखाना हवा. ह्या शास्त्राचा खर्च पैशांत सरकार देतें, पण संयमांत तीं गांवें देतात. उलटपक्षीं, एकदां भंगलेली रेडिओ-शांतता पुन्हां जोडतां येत नाहीं. शिलालेख फोडून रस्त्यास खडी केली तर खडी दुसरीकडूनहि आणतां आली असती, लेख मात्र कोठूनहि आणतां येत नाहीं, हें आपणांस अनुभवानें ठाऊक आहे. म्हणून प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, रेल्वेस दुसरी वाट काढावी, दुर्बिणीस ती नाहीं. परंतु त्या गांवांच्या त्यागाची भरपाई शाळा, पाणी व दळणवळण ह्या रूपानें दिसेल अशी झाली पाहिजे. राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरवून विद्यार्थ्यांस ती दुर्बीण दाखविण्याची प्रथा आहे, ही त्या दिशेची चांगली सुरवात होय.

संशोधकांकडे दुसरें काम येतें. गोविंद स्वरूप ता. ७ सप्टेंबर २०२० रोजीं पुण्यांत वारले. कल्याणच्या रांगेवर ज्यांनीं तरुणपणीं काम केलें ते आतां वृद्ध झाले आहेत. नायगमवाला यांनीं जेऊरचा अहवाल छापून ठेविला, म्हणून सव्वाशें वर्षांनंतर आपणांस त्याविषयीं लिहितां आलें. कल्याणच्या तळावरील दैनंदिन्या, नकाशे, छायाचित्रें, मजुरांचे व यंत्रकारागिरांचे हजेरीपट ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करावे. आणि ज्यांस कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर भागांत फिरतां येतें त्यांनीं जुन्या माणसांच्या जबान्या लिहून घ्याव्या. खोडदच्या पठारावर ज्यांच्या जमिनी होत्या त्यांच्याहि आठवणी ह्याच दप्तरांत गेल्या पाहिजेत. दुर्बिणीचें आयुष्य तिच्या जाळीइतकें असतें. तिच्या वृत्तांताचें आयुष्य आपण तो किती लवकर लिहूं त्यावर आहे.

जुळे सोलापूर